घर अप्पांचं, पत्रिकेवर आजोबा: साखर पेठेतल्या घरावर नावं चढवताना

साखर पेठेतलं आमचं घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. सोलापुरात ज्यांनी अशा घरात पावसाळे काढलेत, त्यांना वेगळं सांगायला नको. पाऊस लागायच्या आधी वर पांढरी माती टाकायची, आणि तरी पहिल्या मोठ्या सरीला खाली पातेली मांडायची. जून २०२४ मध्ये देवघरावरची तुळई खचली. मिस्त्री येऊन बघून गेला, म्हणाला, "आता माती टाकून भागायचं नाही. माळवद उतरवा, स्लॅब घाला." साडेआठ लाखांचा अंदाज निघाला. अडीच लाख मी आणि भावाने मिळून जमवले होते, उरलेल्या सहा लाखांचं कर्ज काढायचं ठरलं.

मी शाळेत शिकवते, सासर जुळे सोलापुरात. आई आणि भाऊ साखर पेठेत राहतात. वडील, म्हणजे अप्पा, २०२१ मध्ये गेले. घर अप्पांच्या नावावर आहे, आता ते आईच्या नावावर करून घेऊ, मग कर्ज, इतका सरळ हिशोब आमच्या डोक्यात होता. मालमत्ता कराचं बिल कित्येक वर्षं अप्पांच्याच नावाने यायचं. बँकेत मी तीच पावती पुढे केली. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, ही कर भरल्याची पावती आहे, मालकीची नाही. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक आणा आणि मूळ खरेदीखत आणा."

तिथून हे सगळं सुरू झालं आणि जवळजवळ वर्ष गेलं. या काळात मला जे कळलं ते कुणी आधी सांगितलं असतं तर अप्पा असतानाच आम्ही अर्धं काम उरकलं असतं. म्हणून तारीखवार लिहून ठेवते.

आधी पत्रिका. शेतजमिनीला सातबारा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. शहरात ज्या भागाचं नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेलं आहे, तिथे सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक असतं. लोक त्याला प्रॉपर्टी कार्ड किंवा नुसती पत्रिका म्हणतात. ती काढायला सिटी सर्व्हे नंबर लागतो, आणि तो आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हता. घर नंबर वेगळा, कराचा मिळकत नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा. शेवटी आईने माळ्यावरची आजोबांची लोखंडी पेटी काढली. त्यात एका धोतराच्या फडक्यात बांधलेलं १९६८ चं खरेदीखत होतं. स्टॅम्पपेपरवर शाईने लिहिलेलं, घड्यांच्या ठिकाणी विरलेलं. चतुःसीमा लिहिल्या होत्या, पूर्वेस अमुक, दक्षिणेस बोळ, आणि त्यातच सिटी सर्व्हे नंबर सापडला. एवढंच सांगते, तुमच्या घरात असं काही असेल तर आजच त्याचे फोटो काढून ठेवा, आणि मूळ कागद लॅमिनेट मात्र करू नका. आमच्या वकीलबाईंनी पहिली चौकशी हीच केली होती की लॅमिनेट केलेलं नाही ना.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पत्रिका हातात आली. तो कागद मी शाळेच्या गेटपाशी गाडीवर बसून वाचला. वर सिटी सर्व्हे नंबर, शीट नंबर, क्षेत्र ९२.९ चौरस मीटर. त्याला १०.७६४ ने गुणलं की आपले हजार चौरस फूट होतात. त्याखाली धारकाचा रकाना, इतर भार, इतर शेरे, आणि मग तक्ता: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक, साक्षांकन. तक्त्यात एकच ओळ होती. १९६८ ची खरेदी आणि आजोबांचं नाव. बाकी सगळं पान कोरं. आजोबा १९९६ मध्ये गेले, आजी २००७ मध्ये, अप्पा २०२१ मध्ये. आमच्या घरातली तीन माणसं गेली आणि सरकारदरबारी आजोबा अजून त्या घरात एकटे राहत होते. मला रडू आलं, ते घराच्या काळजीने नव्हतं. अप्पांनी सबंध आयुष्य ज्या घराचा कर भरला, त्या घराच्या कागदावर त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं.

त्यानंतर एका ओळखीतून वकीलबाई मिळाल्या. कोर्टाजवळ छोटी खोली, टेबलावर फायली. त्यांनी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी स्पष्ट केल्या. पत्रिकेवरची किंवा सातबाऱ्यावरची नोंद म्हणजे मालकी नव्हे. ती महसुलाच्या कामासाठीची नोंद आहे, असं सुप्रीम कोर्टाने अनेकदा म्हटलेलं आहे. मालकी येते ती खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. पण नोंद नसेल तर बँक, घेणारा, नगरपालिका, कुणीच पुढे सरकत नाही. म्हणून दोन्ही लागतं. दुसरी गोष्ट, त्या म्हणाल्या, "घर आईंच्या नावावर करू असं तुम्ही म्हणताय. पण ते करणाऱ्या तुम्ही कोण? आधी मालक कोण कोण ते लिहू." आणि त्यांनी कोऱ्या कागदावर आमची वंशावळ काढली.

ती आकडेमोड मी इथे पूर्ण देते, कारण आपल्याकडे निम्मे घोळ इथेच होतात.

आजोबांनी घर स्वतःच्या कमाईने घेतलेलं, मृत्युपत्र नाही. अशा वेळी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाच्या वारसांना समान वाटा: आजी, अप्पा, काका आणि आत्या, प्रत्येकी एक चतुर्थांश. आजी गेल्यावर तिचा एक चतुर्थांश तिच्या तीन मुलांत आला. म्हणजे अप्पा, काका, आत्या प्रत्येकी एक तृतीयांश. अप्पा गेल्यावर त्यांचा एक तृतीयांश आई, मी आणि भाऊ यांच्यात: प्रत्येकी एक नवमांश. म्हणजे घराचे नऊ भाग केले तर काकांचे तीन, आत्याचे तीन, आईचा एक, माझा एक, भावाचा एक. ज्या आईने त्या घरात ४३ वर्षं काढली, तिच्याकडे नऊपैकी एक भाग.

भाऊ लगेच म्हणाला, "आत्याचं लग्न १९७८ ला झालं. १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नसतो ना?" हे मीही ऐकलं होतं, आणि सोलापुरात दहा घरांत विचाराल तर आठ घरांत हेच ऐकाल. वकीलबाईंनी समजावलं. १९९४ ची ती अट महाराष्ट्राच्या कायद्यातली होती, वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देताना घातलेली. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट राहिली नाही, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींचा हक्क जन्मापासूनचा असल्याचं पक्कं केलं. पण आपल्या घराला यातलं काहीच लागू नाही. आजोबांनी स्वतः घेतलेलं घर आहे, आणि बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. लग्न कधीही झालेलं असो.

ऑगस्ट सगळा दाखले गोळा करण्यात गेला. आजोबांचा आणि अप्पांचा मृत्यूचा दाखला शहरातच मिळाला. आजी मात्र आत्याकडे वारली होती, अक्कलकोट तालुक्यात, म्हणून तो ग्रामपंचायतीतून आणावा लागला. मृत्यू जिथे झाला, नोंद तिथेच असते, हे लक्षात ठेवा. आम्ही एक खेप उगाच घातली. मग नावाचा प्रश्न. खरेदीखतात आजोबा 'शिवप्पा', मृत्यूच्या दाखल्यात 'शिवाप्पा'. एका कान्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणून. सोलापुरात कानडी-तेलुगू-मराठी नावं एकमेकांत लिहिली जातात, तेव्हा हा कान्यामात्रेचा घोळ घराघरात असणार. कागद जमवतानाच सगळी नावं एकाखाली एक लिहून ताडून बघा.

१२ सप्टेंबरला वारस नोंदीचा अर्ज दिला. सोबत तिन्ही मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, पत्रिका, सगळ्यांचे आधार. काम सिटी सर्व्हे ऑफिसातल्या परिरक्षण भूमापकांकडे असतं. एका फटक्यात आजोबा जाऊन आई येत नाही. आधी आजोबांचे वारस चढतात, मग आजीचं नाव कमी होतं, मग अप्पांच्या जागी आम्ही. नोंद धरली की सगळ्या संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. काकांना पुण्यात नोटीस पोचली तेव्हा त्यांचा घाबरून फोन आला, "काय झालं गं? कोर्टाचं आहे का काय?" मी आधी फोन करून सांगायला हवं होतं. नोटिशीची भाषा कोरडी असते, आणि तीस वर्षं घराचा विषय न काढलेल्या माणसाला ती धमकीसारखी वाटते. अर्ज देण्याआधी प्रत्येक वारसाला स्वतः फोन करा.

मधे विधानसभेची आचारसंहिता लागली, कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले. २० नोव्हेंबरला मतदान झालं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोंदी प्रमाणित झाल्या. पत्रिकेवर आता पाच नावं होती: काका, आत्या, आई, मी, भाऊ.

आता खरा विषय. रिवाजाप्रमाणे पुढची पायरी ठरलेली होती. काका आणि आत्या हक्कसोडपत्र करून देणार, घर आईच्या नावावर होणार. काकांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "दादानं गिरणीत दोन-दोन पाळ्या करून मला शिकवलंय. माझा हिस्सा वहिनीच्या नावावर करा, मला एक पैसा नको." आत्याशी माझं फोनवर बोलणं झालं होतं, तीही म्हणाली होती, "मला कशाला गं हिस्सा? माझं माहेर राहू दे म्हणजे झालं. कुठं सही करायची ते सांग, येते." मी वकीलबाईंना म्हटलं, दोघांचंही हक्कसोडपत्र तयार करा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आत्याबाईंना त्यांचा हिस्सा किती, हे कुणी सांगितलंय?"

मी गप्प बसले. भाऊही गप्प. कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही नुसतं 'सही' म्हटलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "त्यांनी सोडायचं ठरवलं तर मी आनंदाने लिहीन. पण काय सोडतोय हे माणसाला माहीत पाहिजे. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. मग फसवणूक झाली म्हणून कोर्टातच जावं लागतं."

घरी येताना भाऊ रिक्षात चिडला. "ती स्वतः नको म्हणतेय. तू कशाला उकरून काढतीस? उद्या तिची पोरं उभी राहतील दारात." त्याची भीती मला कळत होती. आईचं वय, घर पडायला आलेलं, आणि आम्ही कर्जासाठी थांबलेलो. पण मला आजीचे शेवटचे चौदा महिने आठवत होते. आजी अंथरुणाला खिळल्यावर आत्यानेच तिला नेलं होतं. तिचं खाणंपिणं, तिचं अंग पुसणं, सगळं तिने केलं. त्या वेळी कुणी तिला म्हटलं नव्हतं की तुझं लग्न झालंय, तुझा काय संबंध. आणि मी स्वतःही या घराची लेकच आहे. माझा नववा हिस्सा सोडायचं मला कुणी सुचवलं असतं, तर मी आधी किती ते विचारलंच असतं.

रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, आणि आजूबाजूच्या भावाने घराची किंमत साधारण २७ लाख धरली. आत्याचा हिस्सा नऊ लाख. पुढच्या रविवारी एसटीने तिच्या गावी गेले. जेवण झाल्यावर वंशावळीचा तो कागद तिच्यासमोर पसरला आणि नऊ चौकोन काढून दाखवले. हे तीन तुझे. नऊ लाखांचे. सोडलेस तर हे तीन चौकोन तुझे राहणार नाहीत, तुझ्या मुलांचेही नाहीत. नाही सोडलेस तरी आम्हाला राग नाही, फक्त कर्जाच्या कागदावर तुझी सही लागेल. तिने कागदावर हात फिरवला. "अव्वाच्या वाट्याचं पण यात आलं का?" म्हणाली. तिच्या आईचा एक चतुर्थांशातला तिसरा भाग. मी म्हटलं, आलं. ती काही बोलली नाही, घडी करून कागद ब्लाउजमध्ये ठेवला.

तीन आठवडे काहीच कळलं नाही. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलायचा. ते दिवस फार जड गेले, कागदोपत्री खेपांपेक्षाही जड. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आत्या हुरडा घेऊन आली. आईपुढे पिशवी ठेवली आणि उभ्यानेच म्हणाली, "वहिनी, मला विकायचं नाही. वाटणी पण नको, पैसा पण नको. तुम्ही राहा, स्लॅब घाला, काय करायचं ते करा. पण नाव राहू दे माझं." आई म्हणाली, "राहू दे की. बैस आधी." एवढंच झालं. भावाने तिला पाणी आणून दिलं.

वकीलबाईंनी त्याचा अर्थ भावाला नीट सांगितला, कारण गोड बोलून झाकून ठेवण्यासारखा हा विषय नाही. आत्या सहमालक राहिली म्हणजे घर विकताना तिची सही लागेल. तिच्या पश्चात तिने मृत्युपत्र केलं नाही तर तिची मुलं पत्रिकेवर येतील. कुणी एक सहमालक आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकू शकतो, पण राहत्या घरात त्या परक्याला येऊन आमच्याबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ ते आहे. मग त्याला वाटपाचा दावा करावा लागतो, आणि तिथेही १८९३ च्या वाटप कायद्याने तो हिस्सा रास्त किमतीत विकत घ्यायची संधी कुटुंबाला मिळते. हे ऐकल्यावर भाऊ बराच निवळला. त्याची भीती आत्याविषयी नव्हतीच, न कळणाऱ्या कायद्याविषयी होती.

मग एकच हक्कसोडपत्र राहिलं: काकांचं, आईच्या लाभात. त्यात आत्या, मी आणि भाऊ मान्यता देणारे. सगळ्यांचे हिस्से दस्तात अपूर्णांकात लिहून घेतले: आई नऊपैकी चार, आत्या तीन, मी एक, भाऊ एक. हा आग्रह तुम्हीही धरा. 'सर्वांचा समान हक्क' किंवा 'सामाईक' एवढंच मोघम लिहिलं तर पुढची पिढी पुन्हा वंशावळ काढत बसते.

मुद्रांकाचं सांगते. भाऊ-बहीण, मुलं, आईवडील, नवरा-बायको किंवा त्यांचे वारस यांच्या लाभात, वडिलांकडून आलेल्या मिळकतीतला हक्क विनामोबदला सोडला तर ठरावीक नाममात्र मुद्रांक लागतो. तो २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाला. आम्ही ५०० भरला. पण हक्क सोडताना पैसे दिले-घेतले तर ही सवलत नाही, मग खरेदीसारखा मुद्रांक. काही लोक दस्तात विनामोबदला लिहून हातावर पैसे देतात. आम्हालाही कुणीतरी तसं सुचवलं होतं, पण वकीलबाईंनी ते खोलीतच उभं राहू दिलं नाही. आणि ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून काम झालं असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. घराचा हक्क सोडण्याचा दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवलाच पाहिजे, सही झाल्यापासून चार महिन्यांत.

काका सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला हुतात्मा एक्स्प्रेसने आले आणि यात्रा उरकेपर्यंत थांबले. सोमवारी, २० जानेवारी २०२५ ला नोंदणी ठेवली. दस्ताची माहिती ऑनलाइन भरून ठेवली होती, ई-चलन काढलेलं होतं. मूळ आधार, पॅन, दोन साक्षीदार त्यांच्या आधारसह. सकाळी साडेदहाला गेलो, आमचा नंबर दुपारी एकनंतर लागला. वयस्कर माणसं असतील तर पाणी, गोळ्या, खायचं काहीतरी सोबत ठेवा. आम्ही कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा नेला होता, तो बाहेर झाडाखाली सगळ्यांनी खाल्ला. काका आणि आत्या इतक्या वर्षांनी एका डब्यात जेवत होते.

आत गेल्यावर आत्याचा अंगठा येईना. यंत्रावर ठेवला की लाल दिवा. ५० वर्षं शेतातली खुरपणी-काढणी केलेले हात, बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झालेल्या. तिथल्या मुलाने ओल्या फडक्याने बोट पुसायला सांगितलं, परत लाल. दुसरा हात, परत लाल. आत्या कानडीत पुटपुटली, मग मला म्हणाली, "माझं नाव नाही लागायचं का आता?" मी तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळत बसले. सातव्या-आठव्या खेपेला डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा उमटला. पडद्यावर तो मोठा होऊन दिसला तेव्हा ती वाकून बघत राहिली. सही तिने स्वतः केली, चौथीपर्यंत शिकलेल्या वळणदार अक्षरात, एकेक अक्षर उच्चारत. तुमच्याकडे शेतात किंवा विडीकामात हात झिजलेली माणसं असतील तर आठवडाभर आधीपासून रात्री बोटांना तेल लावायला सांगा आणि सकाळी साबणाने स्वच्छ धुवा. आधार केंद्रात आधी एकदा ठसा तपासून घेता आला तर फारच बरं.

दस्त नोंदला म्हणजे पत्रिका बदलली असं धरून चालू नका. इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) आणि दस्ताची प्रत जोडून आम्ही परत अर्ज दिला, परत नोटीस, परत १५ दिवस. एप्रिलच्या ९ तारखेला नवीन पत्रिका आली. कराच्या बिलावरचं नाव बदलायचा वेगळा अर्ज महापालिकेत दिला. खर्च सांगायचा तर वकीलबाईंचे आठ हजार, त्यात ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदींचा शोध, आला. मुद्रांक, नोंदणी, प्रतिज्ञापत्रं, झेरॉक्स, प्रवास धरून एकूण १३ हजारांच्या आसपास.

या नादात मी आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचाही करार काढून वाचला. करारावर आमची दोघांची नावं आहेत, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. मला वाटायचं, बँकेतल्या जोड खात्यासारखं असेल, एक गेला तर दुसऱ्याचं. तसं नाही. आपल्याकडे नवरा-बायकोचं नाव एकत्र असलं तरी प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरला जातो, आणि एक गेला की त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. नवऱ्याच्या वारसांत बायको आणि मुलांबरोबर त्याची आईही येते. हिस्से लिहिलेले नसतील आणि पैसे कुणी किती घातले याचा पुरावा नसेल, तर निम्मे-निम्मे धरतात. सोसायटीतला नॉमिनीसुद्धा मालक नसतो, तो वारसांसाठी सांभाळणारा असतो. आणि कर्जाच्या कागदावर नाव आहे पण करारावर नाही, अशी एक मैत्रीण आहे माझी. सात वर्षं अर्धा हप्ता भरतेय. तिला मी हे सांगितलं त्या संध्याकाळी ती नवऱ्याला घेऊन वकीलबाईंकडे गेली. आम्ही दोघांनी मृत्युपत्रं केली. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी.

मेमध्ये कर्ज मंजूर झालं. चारही मालकांच्या सह्या झाल्या. आत्या वयामुळे कर्जदार होऊ शकली नाही, तारण देणारी म्हणून तिने सही केली. १९६८ चं खरेदीखत बँकेत जमा झालं, धोतराचं फडकं आईने परत पेटीत ठेवलं. माळवद उतरवायला घेतलं आणि यंदा मेमध्येच पाऊस लागला. ताडपत्र्या बांधून दहा दिवस थांबलो.

देवघरावरची तुळई खाली काढली तेव्हा आत्या आलेली होती. तुळईला मधोमध एक लोखंडी कडी होती, काळी पडलेली. "ही पाळण्याची," आत्या म्हणाली. घरातल्या लेकरांचा पाळणा त्याच कडीला टांगलेला असायचा. भावाने पहारीने ती सोडवली, खरडून गंज काढला आणि मिस्त्रीला दिली. मिस्त्रीने लोखंड बांधताना देवघराच्या जागी ती सळीला वळवून पक्की केली. १२ जूनला स्लॅब घातला. आता पाणी मारायचं काम चालू आहे. खालून वर बघितलं की फळ्यांच्या फटीतून कडीचा अर्धा गोल दिसतो.